तीस किलोमीटरची वायरलेस जोडणी : आखणीपासून उभारणीपर्यंत

डोंगरपट्ट्यातल्या किंवा आडबाजूच्या गावापर्यंत फायबर नेण्याचे काम बहुतेक वेळा वाटेतली वनहद्द, घाटरस्त्याच्या खोदाईची परवानगी आणि पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी यांच्यापाशी येऊन अडते. अशा ठिकाणची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा दूध संघाचे शीतकरण केंद्र तालुक्याच्या गावाशी जोडायचे असेल, तर दोन टोकांना एकमेकांकडे तोंड करून बसवलेल्या दोन डिश अँटेना पुरेशा होऊ शकतात. लागणारी उपकरणे आता सहज मिळतात आणि त्यामुळेच पुष्कळ ठिकाणी खरेदी आधी आणि आखणी नंतर असा उलटा क्रम पडतो. लांब पल्ल्याच्या जोडणीत रेडिओची शक्ती कायद्याने बांधलेली असते. आखणाऱ्याच्या हातात उंची, जागेची निवड आणि वाईट वेळेसाठी राखून ठेवलेला सिग्नल एवढेच उरते, म्हणून या लेखाचा भर त्या तीन गोष्टींवर आहे.

समजण्यास सोपे जावे म्हणून शेवटपर्यंत एकच नमुना घेऊ. एक टोक सपाटीपासून ३०० मीटर उंच असलेल्या डोंगरावर आहे, दुसरे टोक सपाटीवरच्या शाळेच्या गच्चीवर जमिनीपासून १२ मीटर उंचीवर आहे, दोहोंमधले अंतर ३० किलोमीटर आहे आणि वारंवारिता ५.८ गिगाहर्ट्झ आहे. वाचकांनी खालची आकडेमोड स्वतः कागदावर करून पाहावी आणि मग आपल्या जागेचे आकडे त्यात घालावेत.

गरज आकड्यांत लिहून घ्यावी

पहिला प्रश्न वेगाचा असतो, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो तो जोडणी किती वेळ बंद राहिली तर चालेल हा. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाकाठी पावणेनऊ तास बंद आणि ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम ५३ मिनिटे बंद. शाळेच्या संगणक कक्षाला पहिला आकडा पुरतो; रुग्णालयाच्या दूरस्थ तपासणीला कदाचित पुरणार नाही. हा आकडा आधी ठरलेला नसेल, तर पुढे कोणतीही रचना पुरेशी आहे की नाही हे सांगता येत नाही.

भूछेद आणि त्याच्या मर्यादा

दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश जीपीएसने जागेवर जाऊन घ्यावेत. नकाशावर बोट ठेवून घेतलेल्या जागेत आणि प्रत्यक्ष मास्टच्या (अँटेनाच्या खांबाच्या) जागेत शंभर मीटरचा फरक सहज पडतो आणि डोंगराच्या कडेला तेवढ्याने सगळे चित्र बदलते. त्यानंतर गूगल अर्थमध्ये दोन बिंदूंमध्ये रेषा आखून उंचीचा छेद काढावा, किंवा रेडिओ मोबाइल या मोफत संगणक प्रणालीत तोच मार्ग घालून पाहावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे हाताशी असतील, तर वाटेतल्या टेकड्यांच्या उंची त्यांवरूनही पडताळून घ्याव्यात.

या संगणकीय छेदांवर पूर्ण भिस्त ठेवू नये. मोफत उपलब्ध असलेली उंचीची बरीचशी माहिती फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानातून रडारने केलेल्या मापनातून आली आहे. त्या मापनात सुमारे ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची मिळते, त्यामुळे धारदार कडे आणि अरुंद सुळके प्रत्यक्षापेक्षा बुटके दिसतात. दाट झाडीत रडारला जमिनीऐवजी शेंड्यांजवळची उंची मिळालेली असते, आणि गेल्या पाव शतकात उभ्या राहिलेल्या इमारती, पवनचक्क्या किंवा निलगिरीच्या रांगा त्यात अजिबात नसतात. छेदात एखादा अडथळा दहा-पंधरा मीटरने चुकल्यासारखा दिसत असेल, तर तो चुकला आहे असे न मानता तिथे जाऊन पाहावे.

डोळ्यांना दिसणे पुरेसे का नाही

रेडिओलहर दोन अँटेनांमध्ये ताणलेल्या दोरीसारखी जात नाही. तिला दोन टोकांना निमुळती आणि मध्ये फुगीर अशी जागा मोकळी लागते. या जागेला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. कोणत्याही बिंदूवर पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या काढण्यासाठी त्या बिंदूपासून दोन्ही टोकांची किलोमीटरमधली अंतरे एकमेकांनी गुणावीत, त्या गुणाकाराला वारंवारिता आणि एकूण अंतर यांच्या गुणाकाराने भागावे, आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १७.३२ ने गुणावे. वारंवारिता गिगाहर्ट्झमध्ये घेतली की उत्तर मीटरमध्ये येते. आपल्या नमुन्यात मध्यावर ही त्रिज्या १९.७ मीटर आहे. तिचा किमान ६० टक्के भाग, म्हणजे सुमारे १२ मीटर, पूर्ण मोकळा असावा असा सर्वमान्य संकेत आहे.

यात पृथ्वीच्या गोलाईची भर पडते. हवेची घनता वर जाताना कमी होते, त्यामुळे रेडिओलहर किंचित खाली वाकते आणि सर्वसाधारण हवामानात पृथ्वी प्रत्यक्षापेक्षा ४/३ पट मोठ्या त्रिज्येची असल्यासारखी वागते. हे धरून कोणत्याही बिंदूवरचा फुगवटा मीटरमध्ये हवा असेल, तर दोन्ही टोकांच्या अंतरांचा गुणाकार १७ ने भागावा. मध्यावर १५ गुणिले १५ भागिले १७, म्हणजे १३.२ मीटर. हवेचे थर विपरीत असतात तेव्हा हा गुणक २/३ पर्यंत घसरू शकतो. मग भाजक ८.५ होतो आणि तोच फुगवटा २६.५ मीटरवर जातो.

आता दोन्ही आकडे एकत्र करू. मध्यावर १२ मीटर फ्रेनेलचे आणि १३ मीटर फुगवट्याचे, असे २५ मीटर होतात, आणि वाटेत १२ मीटर उंचीची आंब्या-चिंचेची झाडे असतील, तर सपाट मुलखात दोन्ही टोकांना ३७ मीटरचे टॉवर लागतील. विपरीत हवेचा विचार केला तर त्याहूनही उंच. सपाटीवरून सपाटीवर ३० किलोमीटर हा खर्चाचा मार्ग आहे तो यामुळे. डोंगर मिळाला की गणित पालटते. २००७ मध्ये एर्मान्नो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलात साध्या वायफाय रेडिओंवर ३८२ किलोमीटरची जोडणी करून दाखवली, आणि तीही मुख्यतः अँडीज पर्वतातल्या एल आगिला शिखराच्या उंचीमुळेच शक्य झाली.

डोंगर मिळाल्यावर अडथळ्याची जागा मध्यातून सरकून खालच्या टोकाजवळ येते, आणि इथेच बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आपल्या नमुन्यात शाळेपासून ३०० मीटरवर दृष्टिरेषा जमिनीपासून १४.९ मीटर उंच असते. तिथे फ्रेनेल त्रिज्येचा ६० टक्के भाग २.४ मीटर आणि फुगवटा अर्धा मीटर आहे. तिथे १२ मीटरचे झाड असेल, तर लागणारी उंची १२ अधिक २.४ अधिक ०.५, म्हणजे बरोबर १४.९ मीटर होते. हातचे काहीच उरत नाही. तेच झाड शाळेपासून २०० मीटरवर असेल, तर रेषा १३.९ मीटरवर आणि गरज १४.३ मीटरची, म्हणजे झाड क्षेत्रात घुसलेच. झाडे दरवर्षी वाढतात आणि पावसाळ्यातल्या ओल्या पालवीने सिग्नल अधिक शोषला जातो, त्यामुळे उन्हाळ्यात उत्तम चाललेली जोडणी श्रावणात लंगडू लागते. अशा जागी मास्ट आणखी पाच-सहा मीटर उंच करणे हा झाडाच्या मालकाशी दरवर्षी फांद्या छाटण्याची बोलणी करण्यापेक्षा टिकाऊ उपाय आहे.

दाट जंगलातून जाण्यावाचून गत्यंतर नसेल, तर वारंवारिता खाली आणावी लागते. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर जिल्ह्यात दूरचित्रवाणीच्या रिकाम्या यूएचएफ बँडमध्ये गावे जोडण्याचे प्रयोग केले, त्यामागे हेच कारण होते; त्या लहरी झाडीतून ५.८ गिगाहर्ट्झच्या मानाने पुष्कळ सहज पार होतात. मात्र तो बँड विशेष परवानगीशिवाय कोणालाही वापरता येत नाही.

जागेवर जाऊन पाहणी

पाहणीसाठी पाऊस ओसरल्यानंतरचे स्वच्छ दिवस निवडावेत, कारण एप्रिल-मेच्या धुरकट हवेत ३० किलोमीटरवरचा डोंगरही दिसत नाही. एका टोकाला उभे राहून हातात मावेल एवढ्या साध्या आरशाने सूर्याचा कवडसा समोरच्या टोकाच्या दिशेने हळूहळू फिरवावा. समोरच्या माणसाला तो दुर्बिणीतून, आणि हवा निवळ असेल तर नुसत्या डोळ्यांनीही, ठिणगीसारखा चमकताना दिसतो. रात्री प्रखर टॉर्चने हेच करता येते. कवडसा दिसला म्हणजे दृष्टिरेषा मोकळी आहे एवढेच सिद्ध होते, फ्रेनेल क्षेत्र मोकळे आहे हे नाही. ते वरच्या आकडेमोडीनेच ठरवावे.

याच फेरीत होकायंत्राचा अंश लिहून समोरच्या दिशेचे छायाचित्र घ्यावे, वाटेतल्या प्रत्येक संशयित झाडाची आणि इमारतीची उंची मोजावी, आणि डोंगरावरची जागा कोणाच्या मालकीची आहे याचा सातबारा पाहावा. सह्याद्रीतल्या उंच जागांपैकी बऱ्याच वनखात्याच्या किंवा संरक्षित गडकोटांच्या हद्दीत आहेत. तिथे एक खांब रोवण्यासाठीही परवानगी लागते, आणि ती मिळेल असे गृहीत धरून उपकरणे घेणे अंगाशी येते.

नियम काय सांगतात

दूरसंचार विभागाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधले ५,१५० ते ५,३५०, ५,४७० ते ५,७२५ आणि ५,७२५ ते ५,८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवान्याविना वापरासाठी खुले केले. लांब पल्ल्यासाठी यातला शेवटचा पट्टा सोयीचा आहे, कारण त्यात अँटेनातून बाहेर पडणारी प्रभावी शक्ती, म्हणजे ईआयआरपी, ३६ डीबीएमपर्यंत (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती), म्हणजे ४ वॅटपर्यंत चालते. उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकाराची मान्यता, असावी लागते. रेडिओच्या सेटिंगमध्ये देश म्हणून भारतच निवडावा. टॉवर विमानतळाच्या परिसरात येत असेल, तर उंचीचे निर्बंध वेगळे पाहावे लागतात, आणि पैसे घेऊन इतरांना इंटरनेट द्यायचे असेल, तर सेवा पुरवठादाराची अधिकृत मान्यता लागते. काम सुरू करताना त्या वेळी लागू असलेली अधिसूचना मुळातून वाचावी.

इंटरनेटवरची बरीच मार्गदर्शने अमेरिकेतल्या नियमांवर लिहिलेली असतात. तिथे ५.८ गिगाहर्ट्झच्या दोन बिंदूंमधल्या जोडणीला मोठी डिश लावूनही रेडिओची शक्ती कमी न करण्याची सवलत आहे. आपण ती सवलत गृहीत धरू नये. त्या लेखांतले सिग्नलचे आकडे इथल्या जोडणीला लागू पडत नाहीत.

सिग्नलचा जमाखर्च

याला या क्षेत्रात लिंक बजेट म्हणतात. मोकळ्या अवकाशातली हानी डेसिबलमध्ये (दर १० डेसिबलला शक्ती दहापट बदलते) काढण्यासाठी अंतराच्या लॉगची २० पट, वारंवारितेच्या लॉगची २० पट आणि ९२.४५ यांची बेरीज करावी. ३० किलोमीटर आणि ५.८ गिगाहर्ट्झसाठी ती २९.५ अधिक १५.३ अधिक ९२.५, म्हणजे सुमारे १३७.३ डेसिबल येते.

पाठवणाऱ्या बाजूची मर्यादा ३६ डीबीएम आहे. ३० डीबीआय लाभाची (सर्व दिशांना सारखी शक्ती पसरवणाऱ्या अँटेनाच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेला लाभ) डिश लावली, तर रेडिओने फक्त ६ डीबीएम, म्हणजे ४ मिलिवॅट, शक्ती द्यायची. रेडिओच्या अंगात कितीही क्षमता असली तरी ती वापरायची नाही, आणि दोन ध्रुवीकरणांवर (उभ्या आणि आडव्या लहरींवर) चालणाऱ्या रेडिओत दोन्ही बाजूंची मिळून ही शक्ती धरायची. आता ३६ मधून १३७.३ वजा करून त्यात घेणाऱ्या डिशचे ३० मिळवले आणि जोडांच्या हानीसाठी १ डेसिबल सोडला, की उणे ७२ डीबीएमच्या आसपास सिग्नल मिळतो.

यातून निघणारी गोष्ट नीट लक्षात घ्यावी. मोठी डिश लावल्याने पाठवण्यात काहीच वाढत नाही, कारण तेवढी शक्ती रेडिओत कमी करावी लागते. फायदा होतो तो ऐकण्यात, आणि शलाका, म्हणजे लहरींचा झोत, अरुंद झाल्याने आजूबाजूचा गोंगाट कमी येतो त्यात. दोन्ही टोकांना ३० ऐवजी ३४ डीबीआयच्या डिश लावल्या, तर प्रत्येक दिशेला ८ नव्हे, ४ डेसिबलचाच लाभ मिळतो. शक्तिवर्धक लावणे बेकायदा तर आहेच, शिवाय त्याने शेजारच्या जोडण्यांचे नुकसान होते.

२० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलमध्ये उष्णतेमुळे होणारा गोंगाट उणे १०१ डीबीएम असतो; रेडिओचा स्वतःचा ६ डेसिबल गोंगाट धरला की तळ उणे ९५ वर येतो. ६४-क्वॅम, १६-क्वॅम आणि क्यूपीएसके या लहरीवर माहिती चढवण्याच्या, उतरत्या वेगाच्या पद्धती आहेत. ढोबळमानाने ६४-क्वॅमच्या वरच्या वेगाला उणे ७५, १६-क्वॅमला उणे ८४ आणि क्यूपीएसकेला उणे ९० डीबीएम लागतात; नेमके आकडे रेडिओच्या माहितीपत्रकातून घ्यावेत. आपल्या उणे ७२ च्या सिग्नलला यांच्या मानाने अनुक्रमे ३, १२ आणि १८ डेसिबल राखीव उरतात. याला फेड मार्जिन म्हणतात. सर्वांत वरचा वेग ३ डेसिबलच्या राखीवावर चालतो, म्हणजे तो फक्त चांगल्या दिवशी मिळेल आणि कोणालाही त्याचे आश्वासन देऊ नये. चॅनल १० मेगाहर्ट्झचा केला तर गोंगाट निम्मा होऊन ३ डेसिबल हाती येतात, पण वेगही निम्मा होतो. ४० मेगाहर्ट्झला याच्या उलट घडते. तीस किलोमीटरवर ४० मेगाहर्ट्झचा मोह टाळावा असे माझे मत आहे.

वाईट रात्रीचा हिशेब

फेड मार्जिन किती असावे याचे उत्तर अंतरावर आणि हवेवर अवलंबून असते. रात्री वारा पडला, आकाश निरभ्र असले आणि जमीन लवकर थंड झाली, की हवेचे थर एकावर एक स्थिर बसतात. मग एकच लहर किंचित वेगवेगळ्या वाटांनी पोहोचते आणि काही क्षण स्वतःलाच खोडते. म्हणून हिवाळ्याच्या पहाटे तीन ते सात या वेळात सिग्नल वर-खाली होतो आणि ऊन चढले की आपोआप सावरतो. तंत्रज्ञ दुपारी जाऊन पाहतो तेव्हा सगळे ठीक असते.

बेल लॅब्जमधल्या बार्नेट आणि विगँट्स यांनी १९७० च्या दशकात मांडलेले सूत्र यासाठी आजही वापरले जाते. अंतराचा घन, वारंवारिता आणि भूप्रदेशाचा गुणक यांचा गुणाकार करून तो एक कोटीला सहा या प्रमाणाने गुणावा, म्हणजे ०.०००००० नंतर ६ अशा संख्येने. सर्वसाधारण भूप्रदेशाचा गुणक १ धरला, तर आपल्या जोडणीसाठी ०.०९४ येते. राखीव १० डेसिबल असेल तर हा आकडा १० ने, २० असेल तर १०० ने आणि ३० असेल तर १,००० ने भागावा. म्हणजे वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात १० डेसिबलला जवळपास सात तास, २० डेसिबलला सुमारे ४० मिनिटे आणि ३० डेसिबलला चार मिनिटे जोडणी त्या वेगाखाली जाईल. आपल्या १८ डेसिबलच्या क्यूपीएसकेला तासाभराहून थोडे अधिक आणि १२ डेसिबलच्या १६-क्वॅमला सव्वाचार तास पडतात. शाळेला हे चालेल.

घनाचा परिणाम मोठा असतो. तेच अंतर ६० किलोमीटर केले, तर घनामुळे आठपट आणि ६ डेसिबल अधिक हानीमुळे चौपट, असा त्रास ३२ पट वाढतो. याउलट वाटेत एक मधली टेकडी मिळाली आणि १५-१५ किलोमीटरचे दोन टप्पे केले, तर प्रत्येक टप्प्यावर सिग्नल उणे ६६ होतो, १६-क्वॅमला १८ डेसिबल राखीव मिळतात आणि वाईट महिन्यातला व्यत्यय टप्प्यामागे आठ मिनिटांवर येतो. मधल्या जागेची वीज आणि सुरक्षा सांभाळणारे कोणी असेल, तर मी नेहमी दोन टप्पेच सुचवेन.

मार्ग पाण्यावरून जात असेल, तर गुणक ४ धरावा. उजनीच्या पसरलेल्या जलाशयावरून किंवा मुंबईहून मांडव्याकडे समुद्रावरून जाणाऱ्या जोडणीत पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा लहर परतवतो, आणि भरती-ओहोटीबरोबर परतलेल्या लहरीची वाट लांब-आखूड होत राहते. अशा वेळी दोन्ही टोके सारख्याच उंचीवर ठेवू नयेत. एक उंच आणि एक ठेंगणे ठेवले की परावर्तनाचा बिंदू ठेंगण्या टोकाकडे सरकतो आणि तो किनाऱ्यावरच्या झाडीत किंवा खडकाळ जमिनीत पाडता येतो. अरबी समुद्रावर उन्हाळ्यात हवेचे असे थर तयार होतात की लहर त्यांत अडकून शेकडो किलोमीटर जाते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या रडारवर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी आल्याची नोंद आहे. कोकण आणि गोव्याच्या किनारी जोडण्यांत पावसाळ्याआधीच्या महिन्यांत दूरवरचा अनपेक्षित व्यत्यय येतो, तो याच कारणाने.

पावसाची भीती मात्र ५.८ गिगाहर्ट्झला फारशी बाळगू नये. तासाला १०० मिलिमीटर वेगाच्या पावसातही किलोमीटरमागे एखादा डेसिबल जातो आणि इतका जोराचा पाऊस एका वेळी काही किलोमीटरच्याच पट्ट्यात असतो. १८ गिगाहर्ट्झला त्याच पावसात किलोमीटरमागे सुमारे १० डेसिबल जातात, म्हणून घाटमाथ्यावर तो बँड लांब पल्ल्याला निरुपयोगी ठरतो.

गोंगाट, चॅनल आणि वेळेचे गणित

डोंगरमाथा जितका उंच, तितकी अधिक शहरे त्याला ऐकू येतात. रेडिओतली स्पेक्ट्रम तपासणी दोन्ही टोकांना, प्रत्यक्ष डिश त्याच दिशेला धरून, दिवसा आणि रात्री नऊच्या सुमारास करावी, कारण घरोघरचे वायफाय तेव्हाच भरात असते. तळ उणे ९५ ऐवजी उणे ८५ आढळला, तर वरचे सगळे राखीव १० डेसिबलने घटले असे समजावे. ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपासचे चॅनल हवामान रडारसाठी मोकळे ठेवावेत. मुंबईत वेरावली येथे २०२२ पासून सी बँडचे, म्हणजे याच वारंवारितांच्या आसपासचे, असे रडार आहे.

साधे वायफाय काही शे मीटरसाठी बेतलेले असते. ३० किलोमीटर जाऊन परत येण्यास लहरीला २०० मायक्रोसेकंद लागतात. तेवढा वेळ पोचपावतीची वाट न पाहता रेडिओ तोच संदेश पुन्हा पाठवू लागतो आणि सिग्नल उत्तम असूनही वेग रसातळाला जातो. म्हणून सेटिंगमध्ये अंतर मोजापेक्षा थोडे अधिक भरावे, आणि शक्यतो दोन्ही टोकांना वेळ वाटून देणारी, टीडीएमए पद्धतीची प्रणाली असलेले रेडिओ घ्यावेत.

मास्ट, वीज आणि अर्थिंग

भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागानुसार वाऱ्याचा मूळ वेग पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबई व नागपूरसाठी ४४ मीटर धरतात. ३९ मीटरला ६५ सेंटिमीटरच्या डिशवर सुमारे ४० किलो भार येतो आणि १.२ मीटरच्या डिशवर १३५ किलोच्या पुढे. उघड्या डोंगरमाथ्यावर यात आणखी वाढ धरावी लागते. मोठ्या डिशने मिळणारे ४ डेसिबल मास्ट वाकल्यामुळे पहिल्याच वादळात गमावले जाऊ शकतात, म्हणून मास्टचा हिशेब स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्यावा.

तमिळनाडूत थेनी परिसरात अरविंद नेत्र रुग्णालयाच्या दृष्टिकेंद्रांना जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या वायफाय जाळ्याचा अभ्यास झाला, तेव्हा वीजपुरवठ्याची खराब प्रत हे बिघाडाचे एक मोठे कारण आढळले. आपल्याकडेही तेच अनुभवास येते. डोंगरावर सौर वीज घ्यायची असेल, तर १० वॅटच्या रेडिओला दिवसाला २४० वॅट-तास लागतात. तीन ढगाळ दिवसांची सोय आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची हे धरले, तर १२ व्होल्टची १२० अँपिअर-तासांची बॅटरी लागते. श्रावणात दिवसाला दोनच तास उपयुक्त ऊन धरून आणि हानी मिळवून १७० वॅटच्या आसपासचे पॅनेल घ्यावे. घाटमाथ्यावर धुके आठवडाभर हटत नाही, तिथे याच्या दुप्पट.

मास्टच्या टोकाला डिशपेक्षा उंच वीजवाहक सळई, खाली स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा, त्याच खड्ड्याशी जोडलेले इथरनेटचे सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारे उपकरण) दोन्ही टोकांना, आणि धातूचे आवरण असलेली बाह्य वापराची केबल एवढे तरी हवेच. इथरनेट केबल १०० मीटरच्या आत ठेवावी. इमारतीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते. माकडांचा वावर असेल तिथे केबल जीआय पाइपमधून न्यावी.

दिशा लावणे

हे काम दोन्ही टोकांना एकाच वेळी सुरू करू नये. ३० डीबीआयच्या डिशची शलाका सुमारे ५ अंश रुंद असते आणि आपल्या नमुन्यात उभा कल जेमतेम अर्धा अंश असतो, म्हणजे डिश जवळजवळ आडवीच राहते. होकायंत्राने दिशा साधावी, पण टॉवरपासून पंधरा-वीस पावले दूर उभे राहून, कारण लोखंडाजवळ सुई फसवते. ऑफसेट प्रकारची डिश जिकडे पाहताना दिसते तिकडे तिची शलाका नसते, हे तिच्या माहितीपत्रकातून आधी समजून घ्यावे.

एक टोक स्थिर ठेवून दुसरे आडव्या दिशेने अगदी सावकाश फिरवावे आणि दर अर्ध्या अंशाला थांबून सिग्नलचा आकडा वहीत लिहावा. आकडा चढतो, उतरतो आणि पुन्हा थोडा चढतो. कडेची ही लहान शिखरे मुख्य शलाकेच्या बाजूच्या पाकळ्या असतात आणि त्यांवर सिग्नल १५ ते २० डेसिबल कमी मिळतो. तीन शिखरे दिसल्यावर मधले धरावे. त्यानंतर उभ्या दिशेने तेच करावे, मग दुसऱ्या टोकाकडे जावे आणि पुन्हा पहिल्याकडे यावे. बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत, कारण एकच बोल्ट पूर्ण आवळला तर डिश सरकते. आवळताना आकड्याकडे पाहत राहावे. डोंगरावर मोबाइल लागत नसेल, तर दोन्ही टोकांच्या माणसांनी बोलायचे कसे हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

मिळालेला सिग्नल आपल्या उणे ७२ च्या हिशेबापासून तीन डेसिबलच्या आत असला पाहिजे. पाच-सात डेसिबल कमी असेल, तर फ्रेनेल क्षेत्रात काहीतरी घुसले आहे किंवा जोडात पाणी गेले आहे. १५-२० कमी असेल, तर बाजूच्या पाकळीवर डिश बसली आहे. दोन ध्रुवीकरणांच्या आकड्यांत मोठा फरक असेल, तर डिश तिरकी बसली आहे किंवा एक केबल सैल आहे. जोडणी चालते आहे एवढ्यावर समाधान मानून खाली उतरू नये, कारण हिशेबातला तो फरक नंतर राखीवातूनच वजा होतो.

सुपूर्द करण्यापूर्वी सलग किमान दोन आठवडे दोन्ही दिशांचा सिग्नल, गोंगाट, निवडलेला वेग आणि हरवलेली पॅकेट्स दर पाच मिनिटांनी नोंदवण्याची व्यवस्था करावी, आणि त्यात काही शांत, निरभ्र रात्री येतील असे पाहावे. आलेख सुरुवातीचा आधार म्हणून जपून ठेवावा. त्यासोबत मास्टची छायाचित्रे, डिशचे अंश, वापरलेला चॅनल, रेडिओची शक्ती आणि अर्थिंगचा मोजलेला रोध एका कागदावर लिहून तो दोन्ही टोकांच्या पेटीत प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावा. दरवर्षी मे महिन्यात बोल्ट, जोडांवरची टेप, अर्थिंग आणि खालच्या टोकाजवळच्या झाडांची उंची तपासावी, आणि सप्टेंबरअखेर सिग्नलचा आकडा त्या कागदाशी पुन्हा ताडून पाहावा.